देता येईल

"तीनय कोटेशना हाडलंय, वयनी," असं म्हणत नितेश तळवडेकरने काउंटरच्या काचेखालून पाकीट आत सरकवलं.

सुलक्षणा घाडीगावकरने ते उघडलंसुद्धा नाही. दोन बोटांनी उलट बाहेर ढकललं.

"कोटेशनं बंद झाली. यापुढे ई-टेंडर निघणार आहे."

नितेश हसला. "चाकाची बेअरिंगा बदलूक टेंडर? चेष्टा करतास काय?"

"वर्षभराच्या सगळ्या दुरुस्त्यांचं एकत्र टेंडर. जाहिरात संकेतस्थळावर येईल. तुम्ही बघून घ्या."

'तुम्ही' ऐकल्यावर त्याचं हसू जरा मंदावलं. या बाईने आजवर त्याला अरे-तुरे सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. पण मागे दोन माणसं खोळंबली होती. त्याने पाकीट काखेत मारलं आणि तो निघून गेला. सुलक्षणाने पुढच्या माणसाचं बिल घेतलं. 

मुलुंड आणि नाहूरच्या मध्ये असलेलं ते सरकारी पुनर्वसन केंद्र. अपघातात पाय गेलेली, कंबरेखालचा भाग लुळा पडलेली माणसं तिथे महिनोन्महिने राहत. त्यांच्या चाकांच्या खुर्च्या सारख्या बिघडत. त्या मागच्या गल्लीतल्या एका गाळ्यात जात आणि बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत धडधाकट होऊन परत येत. प्रत्येक काम लहान, त्यामुळे तीन कोटेशनांवर भागे. त्यातली दोन कोटेशनं नितेशच मित्रांच्या लेटरहेडवर आणतो, हे केंद्रातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

गाळ्यावर पाटी होती 'सुलक्षणा इंजिनिअरिंग वर्क्स'.

हो, तिचंच नाव. गाळा काढला होता तिच्या नवऱ्याने, दत्तारामने. नितेश त्याच्या गावचा, देवगडकडचा. मुंबईत आला तेव्हा दत्तारामने त्याला घरी ठेवून घेतलं, वेल्डिंग शिकवलं आणि पुढे अर्धा भागीदार केलं. सुलक्षणा तेव्हा याच केंद्रात आस्थापनेच्या टेबलावर होती. केंद्राचं काम गाळ्याला मिळू लागलं तेव्हा तीच नवऱ्याला म्हणाली होती, "मी इथे नोकरीला, आणि तुमचं नाव भागीदारीत. हे नियमात बसत नाही. कागदावरून नाव काढा. काम तुमचंच आहे, ते कुठे जातंय?" दत्तारामने मान डोलावली आणि वकिलाकडे जाऊन सही करून आला. दोघांनी हसत हसत चहा घेतला होता त्या दिवशी.

पुढे नवीन मशीन घेण्यावरून दत्ताराम आणि नितेशची बोलाचाली झाली, आणि एका सकाळी दत्ताराम गाळ्यावर गेला तर कुलूप बदललेलं. नितेश शटरसमोर उभा होता. म्हणाला, "कागद बघ."

कागदावर दत्ताराम कुठेच नव्हता.

पन्नाशीच्या माणसाला नवीन गाळा कोण देणार? त्याने नाहूरच्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. तो गणवेश तो स्वतः धुवायचा. सुलक्षणाला हात लावू द्यायचा नाही. बोलणं आधीच कमी, ते आणखी आटलं. एका दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला, की वॉचमनमामा केबिनमध्ये बसल्या बसल्या गेले.

तेराव्याला नितेश आला. पंगतीत बसला. सुलक्षणाने त्याला वाढलं. भात हवा का विचारलं. तो "बस्स, वयनी," म्हणाला, जेवला, हात धुतले आणि गेला.

त्या पंगतीपासून तिच्या मनात एकच गोष्ट होती, खरेदीचं टेबल. ते मिळायला वर्षं गेली. मिळाल्यावर तिने घाई केली नाही. आधी शासन निर्णय वाचून काढले. दर महिन्याला नितेशचं कोटेशन समोर येई, त्यावर तिचं स्वतःचं नाव छापलेलं असे, आणि ती शांतपणे आदेश काढे. जुन्या फायली उपसल्यावर तिला हवं ते सापडलं. नियम म्हणत होता की टेंडर टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडू नयेत. आणि केंद्र तर वर्षानुवर्षं तुकडेच पाडत होतं.

तिने टिपणी लिहिली. त्यात खोटं अक्षर नव्हतं. प्रशासकीय अधिकारी उत्तरा मॅडम वाचून खूश झाल्या.

"घाडीगावकर, हे आधीच व्हायला हवं होतं. ऑडिटवाल्यांनी पकडलं असतं ना, तर माझी वाट लागली असती. आता अटींचा मसुदा पण तुम्हीच करा."

तीन वर्षांचा सरकारी कामाचा अनुभव. ठरावीक उलाढाल. गुणवत्तेचं प्रमाणपत्र. स्वतःचं वाहन. मसुदा करताना तिला एखादं अवघड पक्वान्न जमून यावं तसं वाटत होतं. अनुभवाची अट नितेश पार करेल, उलाढालीची नाही. प्रमाणपत्र त्याने कधी पाहिलंही नसेल.

एकच कलम राहिलं होतं. लहान उद्योगांना अनुभव आणि उलाढालीच्या अटीत सवलत 'देता येईल', असं नियमात होतं. 'द्यावी' असं नव्हतं. सुलक्षणाने ती ओळ दोनदा वाचली आणि मसुद्यात घेतली नाही.

बोली भरण्याआधी इच्छुकांची बैठक बोलावलेली असते, शंका विचारायला. केंद्राच्या छोट्या सभागृहात ती झाली. भिवंडीच्या एका मोठ्या कंपनीची इस्त्रीच्या शर्टातली दोन माणसं आली होती. ठाण्याचा एकजण होता. शेवटच्या रांगेत नितेश. त्याने लग्नकार्यात घालायचा शर्ट घातला होता आणि हातात एक घडी घातलेला कागद होता. कुणाकडून तरी त्याने वाचून, समजून घेतलं होतं, हे सुलक्षणाला दिसलं.

"मॅडम," तो उभा राहिला. उत्तरा मॅडमसमोर तो मुद्दाम शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होता. "लहान धंद्यांना सवलतीचं कलम असतं. उलाढालीत सूट. माझी नोंदणी आहे लहान उद्योगाची. या टेंडरात ते कलम नाही."

"असं आहे का?" उत्तरा मॅडम सुलक्षणाकडे वळल्या. "सवलत देता येते?"

सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. नितेशही. त्याच्या नजरेत विनवणी होती आणि थोडा विश्वासही. शेवटी वयनीच आहे, ती कशी नाही म्हणेल? नेमका तोच विश्वास सुलक्षणाला खुपला. दत्तारामनेही असाच विश्वास ठेवला होता.

"देता येईल असं आहे, मॅडम," ती म्हणाली. "बंधन नाही. पण इथे पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. उद्या खुर्ची मोडून कुणी पडलं, तर विनाअनुभवी माणसाला काम का दिलं, असं आपल्याला विचारतील."

नितेशच्या गाळ्यातून गेलेल्या खुर्चीवरून आजवर कुणी पडलं नव्हतं. अनुभव तर त्याच्याइतका तिथे बसलेल्या कुणालाच नव्हता. पण ती 'सुरक्षा' म्हणाली होती, आणि त्या शब्दापुढे कुठला अधिकारी बोलतो?

"बरोबर आहे," उत्तरा मॅडम म्हणाल्या. "अटी कायम."

बैठक संपल्यावर नितेशने तिला जिन्यापाशी गाठलं.

"वयनी, माज्या हातची खुर्ची मोडली कधी? सांगा तुमी."

"नियम आहे तो."

"नियम नाय. तुमी दत्तादादाचो सूड उगवतास."

सुलक्षणा थांबली. जिन्यावरून कुणी येत नव्हतं. इतकी वर्षं ऑफिसात तिने मालवणीचा शब्द तोंडातून काढला नव्हता. आता तो आपसूक आला.

"'कागद बघ' म्हणालंस ना तू तेंका? आता तू बघ कागद."

 त्याने कठड्यावर हात ठेवला.

"मी काय केलंय ता माका म्हायत आसा," तो म्हणाला. "दादाच्या तेराव्याक जेवाक बसलंय ता कित्याक? तुमी शिव्या घालशात म्हणान. चार लोकांत घालशात, मगे मी माफी मागीन. तुमी भात वाढलास."

"मग आता मागतोस काय?"

"आता नाय. आता मागलंय तर ती टेंडरासाठी होतली." त्याने कागद खिशात घातला. "पण गाळो माजो एकट्याचो नाय. खुर्च्येची सीटा माजी बायल शिवता. तिना तुमचा काय केला?"

"मी काय केलं होतं?" सुलक्षणा म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

त्या रात्री तिला फार गाढ झोप लागली. काम भिवंडीच्या कंपनीला गेलं. दोन-तीन महिन्यांत गल्लीतल्या गाळ्याचं शटर अर्ध्यावर आलं, मग पुरतं खाली. केंद्राचं काम म्हणजे त्याचा निम्माअधिक धंदा होता. सुलक्षणा भाजीला जाताना मुद्दाम त्या गल्लीतून जायची. पहिल्यांदा शटर बंद दिसलं तेव्हा ती उभी राहून बघत राहिली. कुलूप नितेशने तेव्हा बदलून लावलेलं तेच होतं. घरी आल्यावर तिने दत्तारामच्या फोटोला हार घातला. सण नव्हता, तिथी नव्हती. फोटोसमोर ती नुसती बसली. 

ऑडिटच्या अहवालात खरेदी विभागाचं कौतुक झालं. उत्तरा मॅडमनी पेढे मागवले.

खुर्च्या मात्र परत येईनात. कंपनी चांगली होती, कागदपत्रं चोख. पण भिवंडीहून टेम्पो यायचा तो पुरेशा खुर्च्या जमल्यावर, आणि परतही तशाच, सगळ्या एकदम. करारात तशी सोय होती. तो करार तिनेच तपासला होता. वॉर्डातल्या भिंतीशी बिघडलेल्या खुर्च्यांची रांग लागली. त्यांच्या धन्यांना खाटेवरच पडून राहावं लागे.

सगळ्यात जास्त तक्रार अंबादासची. घाटकोपरचा रिक्षावाला, डंपरखाली दोन्ही पाय गेलेला. खुर्चीवरून हात मारत तो सगळं केंद्र पालथं घालायचा, दुसऱ्यांच्या सह्या आणून द्यायचा, कॅन्टीनमध्ये वाद घालायचा. आता त्याचं पुढचं चाक अडकलं होतं. ते कसंबसं रेटत तो तिच्या काउंटरशी आला.

"मॅडम, बेअरिंग गेलंय, बाकी काय नाय. तो मागचा नितेश असता ना, तर चहा पिऊन होईपर्यंत करून दिलं असतं. माझ्या खर्चाने बाहेर टाकू काय?"

"सरकारी वस्तू आहे. बाहेर दुसरीकडे देता येत नाही."

"मग मी काय करू, यार? परत खाटेवर पडू? सहा महिने छत बघितलंय मी."

"टेम्पो येईल," ती म्हणाली. टेम्पो आला की काय होणार हे तिला माहीत होतं. खुर्ची जाईल आणि अंबादास मागे राहील. हे तिने नितेशसाठी रचलं होतं, या माणसासाठी नाही. त्या संध्याकाळी तिने नियमांची फाईल पुन्हा काढली. करार चालू असताना अटी बदलता येत नव्हत्या. वर्षअखेरच्या टेंडरसाठी तिने नवीन मसुदा केला, प्रमाणपत्राची आणि वाहनाची अट काढली, सवलतीचं कलम पहिल्याच पानावर घातलं आणि उत्तरा मॅडमकडे पाठवला.

"आधी तुम्हीच सुरक्षा म्हणालात ना?" मॅडमनी विचारलं.

"चुकलं माझं," सुलक्षणा म्हणाली. मॅडमनी खांदे उडवून सही केली.

टेम्पो आला तो एका कडक दुपारी. गेटपासवर सही करायला सुलक्षणा स्वतः खाली उतरली. कंपनीच्या निळ्या टी-शर्टातला माणूस पाठमोरा खुर्च्या मोजत होता. तो वळला. नितेश होता.

तो वाळला होता. त्याने पॅडला लावलेला कागद पुढे केला.

"सही, मॅडम. इथे आणि इथे."

तिने सही केली. "नितेश, वर्षअखेरीला नवीन टेंडर निघतंय. सवलत घातली आहे. तू भर."

"गाळा दिला मी सोडून," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, मालवणी नव्हती. "मशीन पण विकलं. इथे महिन्याला पगार मिळतो. बायकोला डोळ्यांचा त्रास आहे, तिला शिवायला बसायची गरज नाही. बरं आहे."

अंबादास त्याला बघून खूश झाला होता. "अरे नितेशभाऊ! देवच भेटला. इथंच कर ना रे, पान्हा असेल तुझ्याकडे. बेअरिंगच आहे."

नितेशने वाकून चाक हाताने फिरवून पाहिलं. बोटाने जागा चाचपली. क्षणभर त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"इथे हात लावायला परवानगी नाही. करारात नाही ते," तो म्हणाला. "उतर, बाबा."

त्याने अंबादासला काखेत धरून उचललं, पायरीवर बसवलं, खुर्चीवरचा टॉवेल काढून त्याच्या पाठीशी नीट केला. खुर्ची घडी करून टेम्पोत इतर खुर्च्यांवर ठेवली, दोर आवळला. सुलक्षणाकडे न बघता तो पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला. टेम्पो फाटकातून बाहेर पडला.

वॉर्डबॉय जेवायला गेले होते. पायरी उन्हात होती. सुलक्षणाने इकडेतिकडे पाहिलं, साडीचा पदर सावरला आणि ती अंबादासच्या शेजारी खाली बसली, ऊन त्याच्या अंगावर येणार नाही अशा बाजूला.

"तुम्ही जा, मॅडम," अंबादास म्हणाला. "टेबलावर काम असेल. मला नेतील कोणतरी."

"नेऊ देत," ती म्हणाली. "मी बसते तोपर्यंत."