पहिल्या खिळ्यावरची पट्टी

मी एक जुना लाकडी फळा आहे. शाळेतला नव्हे हो! खडूशी माझा कधी संबंध आला नाही. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांपलीकडे फुटबॉलचं एक मैदान आहे. त्याच्या कडेला सारस फुटबॉल क्लबची टिनाच्या छपराची खोली आहे आणि त्या खोलीच्या भिंतीवर मी अठरा वर्षं टांगलेला आहे. माझ्या अंगावर वीस खिळे आहेत. संघात कोण आहे आणि कोण नाही, हे त्या खिळ्यांवरून कळतं. मित्रांनो, माझी कहाणी ऐकणार असाल तर आधीच सांगून ठेवतो, मला गोड बोलता येत नाही.

मला कैलाश मिस्त्रीने घडवलं. एका मोडक्या सागवानी दिवाणाच्या तीन फळ्या त्याने जोडल्या, पाठीमागे दोन रिपा मारल्या आणि पुढे चार-चारच्या पाच ओळींत खिळे ठोकले. ठोकताना त्याचं लक्ष चहाकडे होतं, म्हणून माझी तिसरी ओळ तिरकी आहे. क्लबचे सेक्रेटरी पुंडलिकराव मला पाहून म्हणाले, "झकास झाला!" संघ बांधणं हे त्यांचं वेड. तेव्हा ते फॅक्टरीत नोकरीला होते. आता रिटायर होऊनही वेड तसंच आहे.

आमच्या क्लबची एक रीत आहे. पुंडलिकरावांनी खेळाडू निवडला की ते त्याला तेलाच्या डब्यातून कापलेली टिनाची पट्टी देतात. खेळाडूने तिच्यावर स्वतःच्या हाताने रंगाने नाव लिहायचं आणि ती माझ्या खिळ्याला अडकवायची. झाली निवड! दुसऱ्या क्लबात जायचं ठरलं तर त्याने स्वतःच पट्टी काढून घरी न्यायची. आणि पुंडलिकरावांना कुणाला वगळायचं असलं तर सरावाआधी तेच पट्टी काढून ठेवत. रिकामा खिळा दिसला की खेळाडू समजून जाई आणि निमूट घरी जाई. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. कुणालाच कुणाच्या तोंडावर वाईट बोलावं लागत नाही, म्हणून सगळे ही रीत फार चांगली म्हणत. मीही स्वतःला मोठा शहाणा समजत होतो.

फक्त एकदा पुंडलिकरावांनी रीत मोडली. धनंजय नावाचा फॉरवर्ड पट्टी काढून नागपूरला गेला, तेव्हा त्यांनी त्याला फोन करून परत ये म्हणून विनवलं. तो चार माणसांसमोर हसला म्हणे. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला, गेलेल्याला फोन करायचा नाही.

मग दिवस बदलले. आमच्या मुलींच्या संघाला व्यावसायिक लीगमध्ये जागा मिळाली. करार आले, लॅपटॉप आला, खेळाडूंची नोंदणी कॉम्प्युटरवर होऊ लागली. ठरलेल्या तारखेच्या आत वीस जणींची यादी पाठवायची, नाहीतर खेळाडू बाहेर. सगळे त्या लॅपटॉपला रुमालाने पुसत. मला कोण पुसणार? भिंतीला ओल आली, माझ्या फळ्यांचा सांधा उकलला, खिळे गंजले. खोली झाडणाऱ्या गोदावरीबाईंचं तेवढं लक्ष होतं. "भाऊ, फळ्याचे खिळे हालून राहिले. मिस्त्रीले बोलवा न," त्या दोनदा म्हणाल्या. "पाहू," पुंडलिकराव दोनदा म्हणाले. पण यादी भरताना मात्र ते माझ्याकडेच बघून भरत. सवय!

यंदा जुलैत, धानाच्या रोवण्याच्या म्हणजे लावणीच्या दिवसांत, यादी जायची होती. पहिला खिळा गोलकीपरचा. तो मिळाला करडी गावच्या प्रतिक्षाला. चार वर्षं ही मुलगी बस बदलत सरावाला येत होती. हा तिचा पहिला करार असणार होता. घरी तिने सांगून टाकलं होतं, करार झाला तर मी खेळणार, नाही झाला तर तुम्ही म्हणाल ते. गुरुवारी तिने पट्टीवर नाव लिहिलं. जागा पुरेना म्हणून शेवटचं अक्षर बारीक काढलं, आणि पट्टी अडकवून ती बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली. मला तिचं कौतुक वाटलं. हो, वाटलं.

शनिवारी दुपारी वाऱ्याने दार धाडकन आपटलं. मी हादरलो, पहिला खिळा खाली वाकला आणि प्रतिक्षाची पट्टी निसटून माझ्या उकललेल्या सांध्यात शिरली. तिथून ती माझ्या पाठीमागे जाऊन रिपेवर अडकली. खोलीत कोणी नव्हतं. मला ती पाठीला टोचत होती. पण मी फळा, करणार काय?

रविवारी प्रतिक्षा आली. तिने दारातूनच माझ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा. तिला वाटलं, पुंडलिकरावांनी काढली. तिने ग्लोव्हज पिशवीत परत घातले आणि सराव न करताच बस धरली. संध्याकाळी पुंडलिकराव आले. त्यांनीही खिळा पाहिला आणि खुर्चीत बसले.

"पोरगी गेली वाट्टे दुसऱ्या क्लबात," ते म्हणाले.

"फोन तं लावून पाहा, भाऊ," गोदावरीबाई म्हणाल्या.

"कायले? ज्याले जायचं हाय, तो जाते."

असा रविवार गेला आणि सोमवार उजाडला. मित्रांनो, त्या दिवसाइतका मोठा दिवस मी पाहिला नाही. एक फोन, एकच प्रश्न, बस्स! तिकडे ती बांधीत, धानाच्या शेतात, परे म्हणजे रोपं लावत होती, इकडे हे लॅपटॉपसमोर बसून गोलकीपर शोधत होते.

यादीचा तोच शेवटचा दिवस. दुपारी सिहोऱ्याची मनाली आली. निवड चाचणीत ती दुसरी आली होती, म्हणून पुंडलिकरावांनी तिला बोलावलं होतं. तिने करारावर सही केली, पुंडलिकरावांनी यादीत तिचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. गेली यादी. मग रीतीप्रमाणे तिने आपली पट्टी रंगवली आणि पहिल्या खिळ्याला अडकवायला गेली. खिळा तिच्या हातातच आला. तो परत बसवावा म्हणून तिने मला दोन्ही हातांनी भिंतीला दाबलं, आणि माझ्या पाठीमागून ती पट्टी खणकन फरशीवर पडली.

"काका, हे कोणाची हाय?" मनालीने पट्टी उचलून दाखवली.

पुंडलिकरावांनी नाव वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच लीगच्या कचेरीत फोन लावला. तिकडून उत्तर आलं की गेलेली यादी आता जानेवारीतच उघडेल.

"मंग मी तिच्या जागेवर आली का?" मनाली विचारत होती. पुंडलिकरावांनी तिच्या हातातली पट्टी घेऊन टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव स्वतः करडीला गेले आणि प्रतिक्षाला घेऊन आले. टेबलावरची पट्टी पाहून ती रडायला लागली.

"तू काहून नाही विचारलं मले?" पुंडलिकराव म्हणाले.

"तुम्ही काहून नाही विचारलं, काका?"

पुंडलिकरावांनी हातोडी मागितली. गोदावरीबाईंनी एक लांब नवा खिळा आणून दिला. माझ्या वरच्या कोपऱ्यात, जिथं लाकूड अजून शाबूत आहे, तिथं त्यांनी स्वतः एकविसावा खिळा ठोकला. प्रतिक्षाने डोळे पुसले आणि आपली पट्टी त्याला अडकवली. घरच्यांकडून तिने जानेवारीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. मिळाली, पण तेवढीच. तोवर ती दर रविवारी येते आणि मनालीला उंच बॉल पकडायला शिकवते.

आता कैलाश मिस्त्रीचा मुलगा येऊन माझा सांधा बुजवून गेला आहे, खिळे बदलले आहेत. बरं वाटतं. पण हे दोन महिने आधी झालं असतं तर! मित्रांनो, भिंतीवरच्या जुन्या वस्तूंवर भरवसा ठेवता ना, मग अधूनमधून त्यांचे खिळेही हलवून बघत जा. आणि दुसरं सांगतो. मी पाठीला टोचणारी पट्टी घेऊन दोन दिवस गप्प राहिलो, कारण मला तोंड नव्हतं. त्या दोघांना होतं.