माझा पट्टा कुणी खाल्ला?

मी एक स्कूटर आहे. गिअर नसलेली, मूठ पिळली की पळणारी. रारोटोंगा बेटाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर नऊ वर्षं धावतेय.

माझी मालकीण तेपाएरू हॉटेलात चादरी धुते. तिला न्यायला हॉटेलची गाडी येते, म्हणून माझ्या वाट्याला बाजारहाट आणि रविवारचं चर्च. मागे तिचे वडील बसतात. डोळ्यांपुढे धुकं आल्यापासून पापांना डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केलीय.

गेल्या वर्षी मला झटके येऊ लागले. मूठ पिळली की आधी नुसती घरघर, मग एकदम हिसका. एका रविवारी चर्चच्या दारातच पापा मागच्या मागे पडले. कोपर फुटलं.

तेपाएरूला संशय आला तेआरिकी मेकॅनिकचा. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा माझ्या पोटातला रबरी पट्टा त्यानेच पाच महिन्यांपूर्वी बदलला होता. त्याआधी कधीतरी त्याने तिला मागणी घातली होती आणि तिने नाही म्हटलं होतं. त्याने जुनाच पट्टा पुसून घातला, मनातला राग काढला, असं तिने चर्चमधल्या बायकांना सांगितलं. त्याची गिऱ्हाइकं तुटली. तिला तर आता त्याच्या नमस्कारातही काळंबेरं दिसू लागलं.

पापा सगळं ऐकत होते. गप्प होते. मीही गप्प होते. पण मला बोलता येत नाही, त्यांना येत होतं.

शेवटी तेआरिकीनेच निरोप धाडला, की गाडी आण, तुझ्या डोळ्यांदेखत उघडतो.

ती पापांना घेऊन गेली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. त्याने मुठीची तार तपासली, हवेची जाळी झटकली. तिथे काही सापडलं नाही. मग बाजूचं झाकण काढलं. आत काळी भुकटी आणि तांबडा चिखल. पट्टा झिजून अरुंद झालेला, कडा काचेसारख्या चकचकीत. त्यावर त्याने पांढऱ्या रंगाने घातलेली तारीख अजून दिसत होती.

"पट्टा नवाच होता," तो शांतपणे म्हणाला. "कुणीतरी ब्रेक दाबून धरून मूठ पिळतंय, तेही ओझं घेऊन चढावर. आणि हा तांबडा चिखल डोंगराकडचा. तू तिकडे जातेस?"

"मी कशाला जाऊ तिकडे?"

दोघांनी बाकावर बसलेल्या पापांकडे पाहिलं. ते हातातली टोपी फिरवत राहिले.

"तुझ्या आईची अळूची खाचरं आहेत तिथे," ते म्हणाले. "तण माजलं होतं, पोरी. खड्डे दिसत नाहीत, म्हणून ब्रेक सोडायची भीती वाटते."

"आणि याचं नाव मातीत मिळत होतं, तेव्हा?"

पापांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

पुढच्या रविवारी तेपाएरू चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिली आणि "चूक माझी," असं म्हणाली. तेआरिकीने मान डोलावली. हसला मात्र नाही. गिऱ्हाइकं परतली, पण हळूहळू.

आता शनिवारी तीच पापांना खाचरांवर नेते. मला नवा पट्टा आहे, चाल मऊ आहे. तरी रोज कामावरून आली की ती आधी माझा किलोमीटरचा आकडा पाहते, मग पापांकडे.

बायांनो, बाप्यांनो, गाडी अडखळली तर आधी तिचं झाकण उघडा. माणसाबद्दल तोंड त्यानंतर उघडलं तरी चालेल.