रोजा सुटेपर्यंत

"आयशाबी, खरं सांगा. कायचं इंजेक्शन टोचून राहिल्या मासोळ्यांले?"

अमरावतीचे मत्स्यालयवाले उत्तमराव सिमेंटच्या टाकीवर ओणवे झाले होते. याच टाकीतले गोल्डफिश दिवाळीत त्यांनी "हे तर पांढरे मुळे हायेत" म्हणून परत केले होते. आता तेच मासे पिकल्या संत्र्यासारखे केशरी झाले, तरी गिऱ्हाईक नाराजच.

"टोचलं नाई, चारलं," आयशाबी म्हणाल्या. "स्टँडवरच्या ज्यूसवाल्याकडची संत्र्याची सालं. वाळवून, दळून शेंगदाण्याच्या ढेपेत मिसळतो मी."

"सालानं रंग येते? मले येडा समजता काय? रंगवलेला माल मी नेत नाई, आन् दुसऱ्यालेबी नेऊ देत नाई."

नवरा हुसेनमियाँ गेल्यापासून आयशाबींचं अचलपूरचं हे घर या टाक्यांवरच चाललं होतं. उत्तमरावांनी तोंड उघडलं की अकोल्यापर्यंत एकही दुकानदार आयशाबींचा मासा घेणार नव्हता.

पहिल्या खेपेला सालीचा आतला पांढरा पापुद्रा तसाच राहिला होता. खाद्य कडूजहर झालं आणि माशांनी थुंकून टाकलं. तेव्हापासून भाजीचं मीठ पाहावं तसं त्या प्रत्येक खेपेचं खाद्य आधी स्वतः चाखत. आताही त्यांनी डबा उघडला, चिमूट उचलली, आणि हात तोंडाशी जाऊन थांबला. रमजान चालू होता.

"बसा. रोजा सुटू द्या, मंग दाखवतो."

"मले बस गाठा लागते."

"दुसरी बस भेटते. माह्यं नाव गेलं तर दुसरं कुठून आणू?"

उत्तमराव बसले. डास मारत, घड्याळ पाहत, कुरकुरत बसले.

अजान झाली. आयशाबींनी उत्तमरावांच्या हातावर एक खजूर ठेवला, स्वतः अर्धा खाल्ला, पाणी प्यायलं. मग डब्यातलं चिमूटभर खाद्य तोंडात टाकून फुटाण्यासारखं चावलं आणि गिळलं. दुसरी चिमूट त्यांनी पुढे केली.

"घ्या. दवाई असन तर दोघंबी मरू."

उत्तमरावांना आता नाही म्हणता येईना. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"संत्रच हाय," ते पुटपुटले. "कडू लागते थोडं."

"पापुद्रा राहिला असन. रोज्यात चाखता येत नाई ना."

उत्तमराव हसले. टाकीतले सगळे मासे पिशव्यांत भरायला सांगून ते फोन घेऊन फाटकाशी गेले. फोनवर पलीकडे अकोल्याचा दुकानदार होता.

"रंग अस्सल हाय, भाऊ. मी सोता खाऊन पायला."

आयशाबींचं काळीज सुपाएवढं झालं. आत्ता कुठे त्यांना भूक जाणवली. ओले हात पदराला पुसून त्यांनी राहिलेला अर्धा खजूर उचलला.