सुई उडू नये म्हणून

आमचं नांदेडचं घर माडीवर. लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी. कुणी टाच आपटून चाललं की स्वयंपाकघरातल्या वाट्या किणकिणतात. अशा घरात माझ्या नवऱ्यानं, रविकिरणनं, हैदराबादहून रेकॉर्ड प्लेअर आणला, आणि त्याच महिन्यात आमची ईश्वरी पहिली पावलं टाकायला लागली.

एवढी लेकरं पाऊल ठेवत नाहीत, आपटतात. सुई उडाली. तिसऱ्यांदा उडाली तेव्हा ह्यांनी सासूबाईंचं जुनं लुगडं फाडलं. एक टोक पलंगाच्या पायाला, दुसरं ईश्वरीच्या कमरेला, उठता येऊ नये इतकं आखूड.

"रेकॉर्ड संपेपर्यंतच," ते म्हणाले. "मरत न्हाई ती."

दुसऱ्या दिवसापासून गाठ मीच मारू लागले. त्यांची गाठ फार घट्ट बसते.

प्लेअरखाली आधी जाड फरशी आली, मग फुगवलेली स्कूटरची ट्यूब, मग अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू. सुई उडायचीच. मी नीट बघत होते. तबल्याचा डग्गा घुमला की उडायची, ईश्वरी झोपलेली असली तरी. दोन्ही स्पीकर प्लेअरच्याच फळीवर होते. स्पीकर हादरला की फळी हादरायची, फळी हादरली की सुई. मी बीएस्सी आहे, पण हे कळायला तेवढंही शिकावं लागत नाही.

"अहो, स्पीकर तेवढे खाली काढून बघा ना."

"तुझं फिजिक्स पोळ्यांना लाव. गोल तरी येतील."

सासूबाई हसल्या. "त्याला एवढी एकच हौस हाय. पोरगी घडीभर बसली तर काय बिघडंल?"

मी पुन्हा बोलले नाही. मी बोलले की लुगडं आणखी आखूड व्हायचं.

दोन महिन्यांनी लुगड्याची गरज उरली नाही. बटणाचा खट् आवाज आला की ईश्वरी आहे तिथं बसायची आणि दोन्ही हातांनी पायाचे अंगठे धरायची.

"शहाणी झाली," हे म्हणाले.

मग रेकॉर्ड नसतानाही ती उभी राहीना. दीड वर्षाची झाली, सरकतच फिरायची. लातूरला माहेरी गेले तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. पाय, कंबर, सगळं ठणठणीत. "घरी चालायला जागा आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

गेल्या रविवारी सुई बदलायला निजामोद्दीनचाचा आले. जुने रेडिओ, प्लेअर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी फळीवर तळवा ठेवला, आवाज वाढवायला सांगितला, आणि हसले.

"रवीभाऊ, एकच फळीवर दोघं कशे राहतील? प्लेअर भिंतीवर घ्या. स्पीकर खाली राहू द्या." मग त्यांची नजर पलंगाच्या पायाकडं गेली. लुगडं अजून तिथंच होतं. "बकरी पाळून राहिले का घरात?"



तासाभरात चाचांनी भिंतीत नवी फळी ठोकली. रेकॉर्ड लागली. डग्गा घुमत राहिला, सुई तिच्या रेषेतून हलली नाही. ह्यांनी दोनदा फरशीवर पाय आपटून बघितला. तरीही नाही. ते इतके खूश मी लग्नातही पाहिले नव्हते.

"ईश्वरी, चल. पळ आता पाहिजे तेवढं."

ती अंगठे धरून बसलेली.

त्यांनी तिला काखेत धरून उभं केलं. पाय मुडपले. पुन्हा उभं केलं, पुन्हा मुडपले. "लाडानं बिघडवलंस तू हिला," ते मला म्हणाले. तिसऱ्यांदा उचलून त्यांनी हात सोडून दिले. ती धप्पकन फरशीवर आदळली. रडली नाही. अंगठे शोधले, धरले.

हे मात्र वर, सुईकडं बघत होते.

"बघितलं का चाचा," ते म्हणाले, "जराबी हलली न्हाई."

चाचा पोरीकडं बघत होते.