आखूड पाऊल

आमची आई कुठंही सगळ्यांच्या आधी पोहोचायची. लग्न असो, शाळेतली पालकसभा असो की दवाखान्यातला बाक, दार उघडायच्या आत ही हजर. लोक कौतुक करायचे, काय वक्तशीर बाई आहे! वक्तशीर कसली डोंबलाची. आपण चालताना कुणाला दिसू नये, एवढाच सगळा खटाटोप. लहानपणच्या तापात तिचा डावा पाय आखूड राहिला. बुटाला जाड तळ लावला तरी प्रत्येक पावलाला तिचा खांदा खाली जायचा आणि वर यायचा. टेलिफोनच्या ऑफिसात तिनं सबंध नोकरी खुर्चीत बसून केली. तिच्या सोबतच्या बायकांना पायाचं माहीत होतं, पण तिला धड चालताना बघितलं फारसं कुणी नव्हतं.

अशा बाईला मी कॅमेऱ्यासमोर चालायला लावलं.

दादा आणि मी गेम बनवतो. बनवतो म्हणजे खेळत बसत नाही, हे नातेवाइकांना सांगून सांगून आमच्या जिभेला घट्टे पडले आहेत. दादा प्रोग्रॅम लिहितो, मी पात्रं काढते आणि त्यांना हलवते, आणि संगीताला एक जण आहे, त्याला आम्ही कानसेन म्हणतो. फरशांच्या दुकानावरचा मजला हे आमचं ऑफिस. आत शिरलं की लांबलचक बोळ, त्यात दुकानदारानं न खपलेल्या सगळ्या नमुन्यांच्या फरश्या बसवलेल्या. एक चौकोन निळा, एक फुलाफुलांचा, एक चक्क न्हाणीघरातला खडबडीत.

एका कंपनीनं हातात धरून खेळायचा नवा कन्सोल काढला होता, त्या यंत्रासाठी आम्ही एक गेम बनवत होतो. गेमची कल्पना दादाची. एक टपालवाली मुलगी छपरांवरून पत्रं पोचवते आणि तिचा एक पाय आखूड आहे. तिचं एक पाऊल लांब पडतं, एक आखूड. लांब पावलावर बटण दाबलं तर ती समोरचं छप्पर गाठते, आखूड पावलावर दाबलं तर खाली. खेळणाऱ्याला घाई करून चालत नाही. तिची चाल ओळखावी लागते, तिच्या कलानं घ्यावं लागतं. दादानं हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्याच्या मनात कोण आहे ते मला विचारावं लागलं नाही.

आईला विचारलं तर म्हणाली, "माझं काय बघायचंय त्यात? चांगली धडधाकट पोरगी घ्या की."

"धडधाकट पोरी सगळ्या गेममध्ये आहेत, आई," दादा म्हणाला. "त्यांचा आता कंटाळा आलाय लोकांना."

एका रविवारी ती ऑफिसात आली. बोळातून चालताना सुरुवातीला नुसती ताठ, पाय लपवायच्या नादात भलतीच चालायला लागली. मग मी तिला तिच्या ऑफिसातल्या जुन्या साहेबांचा विषय काढून दिला. त्या साहेबांवर आईचा असा राग की बोलता बोलता ती पाय विसरली. त्या निळ्या चौकोनावरून फुलांच्या चौकोनावर, तिथून खडबडीत फरशीवर, हातवारे करत, खांदा वरखाली करत ती चालली, आणि मी ते कॅमेऱ्यात धरून नंतर एकेक चित्र करून उतरवून घेतलं. कानसेननं त्या पावलांच्या ठेक्यावर चाल बांधली. एक लांब, एक तोकडा. ऐकलं की मान आपोआप डोलायची.

महिन्याभरानं छोट्या पडद्यावर टपालवाली चालू लागली, तेव्हा आईनं कन्सोल दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला.

"मी अशी दिसते?"

"अशीच."

"वाईट नाही गं दिसत," ती म्हणाली. मग पुन्हा बघितलं. "तोऱ्यात चालते की कार्टी."

त्यानंतर आई भरदिवसा रस्त्यावर दिसायला लागली. आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग बागेपर्यंत. एकदा तर मी खिडकीतून बघितलं, ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून कुणाशी तरी गप्पा मारत होती आणि बोलणं संपल्यावर सगळ्यांच्या देखत वळून चालत आली. गेम खपो न खपो, मला त्या दृश्याचंच मोल होतं. ती टपालवाली लोकांच्या हातात पडेल, तिच्या चालीनं लोक चालायला शिकतील, आणि आईला ते कळेल. मला बाकी काही नको होतं.

पण कन्सोल खपत नव्हता. दिसायला देखणा, हातात छान बसणारा, आणि दुकानात शेवटच्या फळीवर धूळ खात पडलेला. गिऱ्हाईक म्हणायचं, गेम नाहीत तर यंत्र घेऊन काय करू? गेमवाल्या मोठ्या कंपन्या म्हणायच्या, यंत्र कुणी घेत नाही तर गेम कुणासाठी बनवू? आधी अंडं की आधी कोंबडी, असं ते भांडण. आणि त्या भांडणात शेवटी आला कोंबडा.

तुरेबाज हा कन्सोलच्या कंपनीचा जुना, नावाजलेला नायक. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर लाल तुरा, वाऱ्यासारखा पळणारा. त्याचे इतके गेम येऊन गेले होते की पहिले भाग खेळलेल्यांची पोरं आता नवे भाग खेळत होती. कंपनीतर्फे आमचं काम बघणाऱ्या बाई एक दिवस ऑफिसात आल्या, टपालवाली शेवटपर्यंत खेळल्या, आणि म्हणाल्या, "यात तुरेबाज घालू या."

मला वाटलं बाई गंमत करताहेत.

"गेम उत्तम आहे म्हणून तर विचारतेय," त्या म्हणाल्या. "दुकानात येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. आपण भलत्याच यंत्रावर पैसे उधळतोय का, ही धास्ती. त्याला समोर ओळखीचा चेहरा दिसला पाहिजे. यंत्रही नवं, गेमही नवा, असं कुणी घेत नाही हो."

"तुरेबाजही कधीतरी नवाच होता ना?" मी म्हटलं.

"होता. पण तेव्हा आमची यंत्रं खपत होती."

बाई वाईट नव्हत्या, हेच वाईट होतं. टपालवाली त्यांना मनापासून आवडली होती. "ती असू दे की त्याच्या शेजारी," असंही त्यांनी वर विचारून बघितलं. वरून उत्तर आलं की तुरेबाजच्या गेममध्ये तुरेबाजच. आणि तुरेबाजला नियम होते. तो दमत नाही, रडत नाही, आजारी पडत नाही. अर्थातच लंगडत नाही.

मी दादाशी कडाकडा भांडले. "चाल काढली तर गेममध्ये उरतं काय? नुसती छपरं!"

"आणि नाही म्हटलं तर काय उरतं?" तो म्हणाला. "हा गेम दुसरं कुणी घेणार आहे? कानसेनला काय सांगू, उद्यापासून येऊ नकोस? निदान दुकानात तरी जाईल काहीतरी."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं काडीच बुडत होती, आणि तिला धरून आम्ही. दादानं सही केली.

मी टपालवालीच्या जागी कोंबडा बसवला. पण एक लबाडी केली. बटण अगदी हलकं दाबलं तर तुरेबाज पळायच्या ऐवजी चालायचा, आणि त्या चालण्यात मी आईची चाल तशीच राहू दिली. चष्मेवाला कोंबडा आईसारखा खांदा पाडत चार पावलं टाकायचा. इतकं हलकं बटण कोण दाबतंय, असं मला वाटलं. कंपनीच्या तपासनिसांनी दाबलं. त्यांचा शेरा आला, "डावा पाय मागे पडतो. गंभीर दोष." दादानं मला न विचारता ते चालणंच काढून टाकलं आणि शेऱ्यासमोर लिहिलं, "दुरुस्त केला." त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही, आणि नंतरही फारसं नाही.

"आईला तू सांगायचंस," एवढंच म्हटलं.

"सांगितलंय," तो म्हणाला.

खरंच सांगितलं होतं. पण कसं, ते मला फार उशिरा कळलं. तो तिच्यापाशी गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आई, गेमचं नाव बदललंय. आता तुरेबाज." पुढचं त्याच्या तोंडून निघालंच नाही. आणि आई हसून म्हणाली होती, "नाव काय रे, लग्नात माझंही बदललं. बाई तर तीच राहिली ना?"

यावर तो तसाच उठून निघून आला.

गेम बाजारात आला त्या दिवशी दुपारी आईनं मला आणि दादाला घरी बोलावलं. आम्हाला वाटलं जेवायला. गेलो तर बैठकीत टेलिफोनच्या ऑफिसातल्या तिच्या जुन्या मैत्रिणी ओळीनं बसलेल्या, आणि शेजारचे काका, त्यांची सून. सगळे आधी आले होते. आई आतल्या खोलीत होती. तिनं मुद्दामच सगळ्यांना आधी बसू दिलं होतं.

आईला खरं काय ते कळलेलंच नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मी आत धावले. "आई, थांब, तुला एक सांगायचंय."

"नंतर गं," ती म्हणाली. नवे कपडे, नीट विंचरलेले केस, हातात कन्सोल. आणि ती निघाली. आतल्या दारापासून बैठकीतल्या खुर्चीपर्यंत, सगळ्यांच्या समोरून, अजिबात घाई न करता. मधे एकदा थांबलीसुद्धा. "नीट बघून ठेवा," ती हसत म्हणाली, "आता हीच बघायचीय तुम्हाला."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी दादाकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

आईनं कन्सोल सुरू केला. पडद्यावर लाल तुरा आला, चष्मा आला, आणि कोंबडा आरवून एका छपरावरून दुसऱ्यावर सुसाट पळत सुटला. आईनं बटण सोडलं, पुन्हा दाबलं. हलकं दाबलं. कोंबडा पळतच होता.

"हा कोंबडा कोण?" एका मैत्रिणीनं विचारलं. "आणि तू कुठायस यात?"

आईनं आमच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, चार शब्द तरी ऐकवले असते.

"अगं, ते आधीचं होतं," ती म्हणाली. "नंतर पोरांनी सुधारलं. बघ ना, कसा पळतो. दोन्ही पाय कसे सारखे पडतात." आणि तिनं कन्सोल मैत्रिणीच्या हातात दिला. काका म्हणाले, तुरेबाज होय, आमच्या मुलानं याच्यापायी शाळा बुडवली होती. सगळे हसले. जो तो आळीपाळीनं खेळला. मैत्रिणी निघाल्या तेव्हा आईनं बसल्या जागेवरून हात हलवला.

सगळे गेल्यावर दादा तिच्या पायाशी बसला. कंपनी, जुनी नावं, नव्याला कुणी विचारत नाही, सगळं एका दमात बोलला आणि रडला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"कळतं मला. ओळखीचं माणूस बघूनच लोक दार उघडतात. त्यात काय चुकलं?" मग जरा थांबून म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस, तर बायकांना बोलावलं नसतं."

मला त्या क्षणी दादाचा, कोंबड्याचा, तपासनिसांचा, सगळ्या दुनियेचा राग आला होता, आणि आईला मात्र राग येत नव्हता. मला ते सहन होईना.

वर्ष संपायच्या आत कंपनीनं कन्सोल बंद केला. ओळखीचा चेहरा दुकानात टांगूनही गिऱ्हाईक आलं नाही. तुरेबाजला काही झालं नाही, तो दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर उडून गेला. दादाला तुरेबाजच्या कंपनीतच नोकरी लागली, तो आता तुरेबाजचा पुढचा भाग बनवतो. कानसेन लग्नसमारंभात वाजवतो. बाईंचा एकदा फोन आला. म्हणाल्या, असंच बुडायचं होतं तर तुमची ती मुलगी घेऊन बुडायला हवं होतं. मी फोन ठेवून दिला.

मग मी टपालवालीची जुनी फाइल उघडली. सुट्टीच्या दिवशी बसून तिची सगळी छपरं पुन्हा जुळवली, कानसेनचा ठेका परत घातला, आणि लॅपटॉप घेऊन आईकडे गेले. आई खोलीत बसून होती. हल्ली ती बाहेर पडतच नाही, दूधसुद्धा शेजारच्या सुनेकडून मागवते.

"बघ तरी," मी म्हटलं. "ही खरी. पहिली होती ना, तीच. कुणी हात लावलेला नाही."

तिनं झाकण माझ्या हातासकट हळूच खाली दाबलं.

"नको गं. तेव्हा मला ती सगळी दिसली होती," आई म्हणाली. "आता बघितली, तर नुसता पायच दिसेल."