केझीच्या डोळ्यातलं केनिंग

आमच्या कॉर्नवॉलात डोळ्याच्या दुखण्यांना जुनी नावं आहेत. पांढरं आलं की मोती. पडदा धरला की टाचणी नि जाळं. अर्धवट दिसायला लागलं की माणूस वाळूआंधळा. आणि बुबुळाला काही टोचून फोड उठला की केनिंग. केनिंग उतरवणारी पंचक्रोशीत मी एकटी, होनर नॅनकॅरो. मंत्र मला सासऱ्यांनी दिलाय. पेन्झान्सच्या डॉक्टरला आमची नावं ऐकून हसू येतं. येऊ दे मेल्याला.

कापणीच्या दिवसांत शेजारची टॅमसिन तिच्या केझीला घेऊन आली. चार वर्षांची पोर, डोळ्यात जवाचं कुसळ गेलेलं. नवरा डॉक्टरकडे नेऊ म्हणत होता, पण हिनं त्याला झिडकारलं. होनरमावशी असताना डॉक्टर कशाला, म्हणाली. मी फुगले, खोटं कशाला बोलू.

तीन सकाळी उपाशीपोटी मंत्र म्हणून फुंकर घालायची असते. दुसऱ्या सकाळी बुबुळाखाली पिवळं साचलेलं मला दिसलं. असलं केनिंग मी जन्मात पाहिलं नव्हतं. गाडी जोडा नि पेन्झान्सला पळा, एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. ज्याला आयुष्यभर नावं ठेवली, त्याच्याच दारात मी पाठवू? उद्यापर्यंत ओसरेल, असं सांगून मोकळी झाले.

तिसऱ्या सकाळी पोर रडायची थांबली होती. टॅमसिनला वाटलं, उतार पडला. निघताना ती भाबडेपणानं बोलून गेली, तुझे फार उपकार झाले, मावशी. आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला. मंत्रवालीचे आभार मानले की मंत्र वाया जातो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

चार दिवसांनी डॉक्टरनं केझीचा डोळा काढला.

टॅमसिन माझ्याकडे आली तेव्हा रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"मावशी, खरं सांग. मी आभार मानले म्हणूनच गेला ना गं डोळा?"

सगळं माझ्या घशाशी आलं होतं. ते पिवळं, ती दुसरी सकाळ, माझा मेला ताठा.

"हो," मी म्हटलं. "तुला माहीत होतं ना, मानायचे नसतात."

ती मान खाली घालून गेली. आता दर रविवारी प्रार्थनाघराच्या दारात ती लेकुरवाळ्यांना बजावते, मावशीचे आभार मानू नका गं, माझ्यासारखं करू नका. तिचं ऐकून बाया पोरं घेऊन येतात, काम झालं की मुकाट्यानं उठून जातात. आणि मी फुंकर घालते.