बेवारस रकाना

दुपारी चारच्या आत बेवारस रकाना शून्यावर आला, तर हेडक्लार्कांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, दार असलेली केबिन. दोन, त्या दारावर 'कार्यालय व्यवस्थापक' अशी पाटी. आणि तीन, ज्युनिअर वकीलबाईंना ते दार वाजवून आत यावे लागणार होते. तिसरीसाठी पहिल्या दोन सोडून द्यायलाही हेडक्लार्क तयार झाले असते.

"किती राहिले?" वकीलबाईंनी आपल्या टेबलावरून विचारले.

"बारा."

"मी आल्यापासून बाराच ऐकतेय."

"तुम्ही यायच्या आधी दोनशे होते, बाई. उशिरा येणाऱ्याला काम नेहमी कमीच दिसतं."

हे उत्तर हेडक्लार्कांना स्वतःलाच इतके आवडले, की संध्याकाळी घरी सांगायला त्यांनी ते बाजूला काढून ठेवले. ऑफिसातले काहीतरी रोज घरी न्यायचे, ही त्यांची जुनी सवय. कुणी फळे नेतो, हे किस्से नेत.

वकीलसाहेबांनी सॉफ्टवेअर घेतले त्याला तीन महिने झाले होते. ऑफिसात आलेला आणि गेलेला प्रत्येक ईमेल कुठल्या ना कुठल्या अशिलाच्या नावे आणि फाइलमध्ये लागला पाहिजे, असा त्याचा खाक्या. जो लागत नाही तो एका रकान्यात पडून राही. सॉफ्टवेअरने त्या रकान्याला भारदस्त नाव दिले होते. ऑफिस त्याला बेवारस म्हणे. त्यातले काही पुसता येत नसे. माणूस शोधा, त्याच्या नावे करा, मगच आकडा उतरे. सव्वीस वर्षांत ऑफिसातला कुठला कागद कुठे आहे हे फक्त हेडक्लार्कांना ठाऊक होते, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'कपाट' म्हणत. आधी त्यांनी सॉफ्टवेअरची यथेच्छ टवाळी केली. मग केबिनची गोष्ट निघाली आणि ते रात्रीतून त्याचे भक्त झाले. नुसते भक्त नाही, पुजारी. ऑफिसातल्या कुणाच्या नातेवाइकाचे प्रकरण आढळले तर सगळ्यांच्या पडद्यावर लाल सूचना यावी, हा नियम त्यांनीच चालू करून घेतला होता. वकीलबाईंच्या मामाचे काहीतरी असावे असा त्यांना वास आला होता.

बेवारसमध्ये सगळ्यात जास्त भरणा होता तो साहेबांच्या खासगी पत्त्यावर आलेल्या पत्रांचा. फुकट सल्ला मागणारी माणसे. "तुम्हीच काहीतरी कळवा आणि वाटेला लावा," असे साहेबांनी फार पूर्वी सांगून टाकले होते, आणि हेडक्लार्क साहेबांच्या नावाने कळवत आले होते. साहेबांना इतकी साहेबी भाषा कधी जमली नसती.

एक वाजता आकडा पाचवर आला. पाचही ईमेल एकाच मालिकेतले, नऊ वर्षांपूर्वीचे, बिननावाच्या पत्त्यावरचे. हेडक्लार्कांनी त्यावर बोट ठेवताच सॉफ्टवेअरने तत्परतेने विचारले: हा पत्ता आधीच नोंदलेला आहे. याच व्यक्तीच्या नावे करू?

खाली त्यांच्या बायकोचे नाव होते.

हेडक्लार्क हसले. यंत्र चुकले की माणसाला बरे वाटतेच. बायकोला ईमेल करता येतो, हेच मुळात त्यांना माहीत नव्हते. त्यांनी नावावर क्लिक केले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, तेव्हा ऑफिसला एक ईमेल आला होता: 'यांना दवाखान्यात ठेवले आहे. आठ दिवस येता येणार नाही.' खाली घरचा फोन. तो मुलीने धाडला असेल असे ते आजवर धरून चालले होते. वकीलबाईंनी कालच तो कर्मचाऱ्यांच्या फाइलीत लावला होता. पत्ता तोच.

मग त्यांनी नऊ वर्षांपूर्वीचे पहिले पत्र उघडले.

'महोदय, मी परगावची आहे. नाव कळवत नाही. माझा नवरा दुकानात कामाला आहे. तो मारत नाही. हसतो. मी बोलले की हसतो, पाहुण्यांसमोर हसतो, आता मुलगीही त्याचे पाहून हसू लागली आहे. यावर काही करता येते का?'

खाली साहेबांच्या नावाने हेडक्लार्कांचे उत्तर: 'हसणे हा गुन्हा नाही. किरकोळ बाबींचा बाऊ करू नये.'

दुसरे पत्र: 'एका नर्सिंग हॉस्टेलात मला देखरेखीचे काम मिळते आहे. राहायला खोली आहे. पंधरा तारखेपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाले. मी मुलीला घेऊन गेले तर नवरा तिला माझ्याकडून काढून घेऊ शकतो का? ती अकरा वर्षांची आहे. एवढेच सांगावे.'

उत्तर: 'घर सोडणाऱ्या स्त्रीस मुलगी मिळत नाही. कायदा बापाच्या बाजूने आहे. गेलात तर मुलीस मुकाल. सबब समजुतीने घ्यावे.'

तिसरे पत्र सोळा तारखेचे. 'उत्तर पोचले. त्रास दिल्याबद्दल क्षमस्व.'

बाकी काही आठवले नसते तरी चालले असते. पण किस्से सांगणाऱ्याला आपले किस्से विसरता येत नाहीत. त्या आठवड्यात त्यांची बहीण राहायला आली होती. सगळे जेवायला बसले होते आणि बायको वाढत होती.

"ऐक ताई," हेडक्लार्क म्हणाले होते, "आज एका बाईचं पत्र आलं. नवरा मारत नाही म्हणे, हसतो! आता यावर कलम कुठलं लावायचं?"

बहिणीला ठसका लागला होता. अकरा वर्षांची मुलगी खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली होती. बायको हातातला डाव भांड्यात ठेवून उभी राहिली होती आणि तिने विचारले होते, "मग तुमच्या साहेबांनी काय कळवलं तिला?"

"साहेब कुठले! अशांना मीच वाटेला लावतो. म्हटलं, बाई, गेलात तर मुलगी विसरा. बसली असेल गपगार."

"बसली असेल," बायको म्हणाली होती, आणि तिने बहिणीला आणखी वाढले होते.

त्या दिवशी पंधरा तारीख होती.

हेडक्लार्कांनी सगळ्यात आधी काय केले असेल? जे कुठलाही मुरलेला कारकून करील तेच. पत्रे एका मेलेल्या अशिलाच्या नावे टाकून पाहिली. पत्ता दुसऱ्याच्या नावे आहे, म्हणत सॉफ्टवेअरने ती परत केली. त्यांनी 'इतर' शोधले. 'इतर' त्यांनीच बंद करवले होते. शेवटी, घाम पुसता पुसता, बोट नको तिथे पडले आणि पत्रे बायकोच्या नावे लागली. त्याच क्षणी पलीकडच्या टेबलावर घंटी वाजली. नातेवाइकाचे प्रकरण, तपासा.

वकीलबाईंनी पत्रे वाचली. त्यांनी नाव शेवटी पाहिले, म्हणून आधी जे बोलायला नको होते ते बोलून गेल्या.

"हा सल्ला कुणी दिला? साफ चूक आहे हा! आईला काम, राहायला खोली, अकरा वर्षांची मुलगी. कुणी हातसुद्धा लावला नसता. शिकाऊ पोरानेही सांगितलं असतं हिला, बाई, उद्याच नि..."

मग त्यांनी नाव पाहिले.

साहेबांच्या केबिनमध्ये तिघांत मिळून पाचच मिनिटे बोलणे झाले. पत्रे वाचून साहेबांना वाईट वाटले. वाईट कशाचे वाटले ते लगेच कळले.

"खाली नाव माझं आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"तक्रार करतील का त्या?"

"नाही साहेब."

"कशावरून?"

"नऊ वर्षं केली नाही."

हा पुरावा साहेबांना पटला. "एक कागद करू. सल्ल्याबद्दल माझी काही तक्रार नाही, एवढीच ओळ. सही आणा, फाइल बंद करा. रकाना शून्य. चारची मुदत मी वाढवतो; उद्या दहाला केबिन तुमची."

"सर, एक बोलू?" वकीलबाई म्हणाल्या. "त्यांना निदान सांगायला हवं, की सही करण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी..."

"बाई, भागीदारीच्या यादीत यंदा तुमचं नाव घालायचं म्हणतोय मी."

वकीलबाईंची सदसद्विवेकबुद्धी दारापासून त्यांच्या टेबलापर्यंत टिकली. मग त्यांनी कागदाचा मसुदा केला. चांगला केला, पळवाट कुठेच ठेवली नाही.

हेडक्लार्क घरी पोचले तेव्हा बायको त्यांचा उद्याचा शर्ट इस्त्री करत होती. केबिनची बातमी त्यांनी सकाळीच फोडली होती. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. तिने इस्त्री उभी केली, चष्मा लावला आणि कागद एकदा वाचला. पुन्हा वाचला नाही.

"सापडली म्हणजे."

"अगं, मला काय माहीत... परगावची म्हणून लिहिलंस. दुकानातला नवरा म्हणून लिहिलंस."

"हो."

"मला माहीत असतं तर..."

"तर काय कळवलं असतंत?"

हेडक्लार्कांनी प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर तेच आले असते. फक्त जरा जास्त मन लावून लिहिले असते.

"निदान तेव्हा बोलायचं तरी," ते म्हणाले. "त्याच दिवशी."

"हसला असतात."

"वकीलबाई म्हणतात..." एवढे बोलून ते थांबले. सांगितले नसते तर चालले असते. पण ऑफिसातले घरी नेण्याची सवय. "म्हणतात, तो सल्ला चुकीचा होता. मुलगी तुझ्याकडेच राहिली असती."

बायकोने शर्टाची कॉलर उलटी करून पाहिली. इस्त्री उचलली, पुन्हा ठेवली. असे तिने दोनदा केले.

"हे कागदावर नाही," ती म्हणाली.

"नाही. ते कागदावर घालत नाहीत."

"सही केली की काय मिळतं?"

"तुला?"

"मला कसं मिळेल? तुम्हाला."

"केबिन."

"दार आहे ना तिला?"

एवढ्यात मुलगी आतून आली. आता ती वीस वर्षांची होती, नाक बापाचे, हसणेही. "बाबा, केबिन पक्की? आणि आईला बघा, दाराचंच पडलंय! आई, केबिनला दार नसेल तर काय पडदा असेल?" ती हसत सुटली. बापाकडे बघून हसली. दोघांनी मिळून हसायचे अशी त्या घरची रीत होती.

"हसू नकोस," हेडक्लार्क म्हणाले.

मुलगी चकित झाली. "का? हसलेच ना फक्त? मारलं तर नाही ना तिला?"

हे वाक्य ती कुठून शिकली हे तिला आठवत नव्हते. खोलीतल्या बाकीच्या दोघांना आठवत होते.

बायकोने पेन मागितले. "तारीख कुठली घालू? तेव्हाची की आजची?"

"आजची," हेडक्लार्क म्हणाले. यात मात्र त्यांची चूक होणे शक्य नव्हते.

तिने सही केली, कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. खिशावरून पुन्हा एकदा इस्त्री फिरवली, म्हणजे कागद फुगून दिसू नये.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बेवारस रकान्यात शून्य होते. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सव्वादहाला पाटी लागली. दहा वीसला वकीलबाईंनी दार वाजवले, आणि हेडक्लार्क दोन क्षण मुद्दाम थांबून "या" म्हणाले. ठरवले होते तेवढी मजा आली नाही, पण आली.

फाइल बंद झाली की सॉफ्टवेअर अशिलाला आपोआप एक पत्र धाडते: आपले काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे, कृपया अभिप्राय कळवावा. अभिप्राय कार्यालय व्यवस्थापकाकडे येतो. हेडक्लार्कांच्या नव्या टेबलावर तो साडेअकराला आला. दोनच शब्द होते.

'उत्तर पोचले.'

क्षमस्व या वेळी नव्हते. हेडक्लार्क उठले, दार लावून घेतले, आणि हा ईमेल कुठे लावायचा म्हणून शोधू लागले. फाइल बंद होती. रकाना आता एकवर गेला होता.

तर कुणाला काय मिळाले ते असे. साहेबांना कागद. वकीलबाईंना यादीत नाव. हेडक्लार्कांना दार. मुलीला बापाचे हसणे, ते तिला कधीच मिळून चुकले होते. आणि नर्सिंग हॉस्टेलातली ती खोली नऊ वर्षांपूर्वी सोळा तारखेला दुसऱ्या एका बाईला मिळाली. ती अजून तिथे आहे. या सगळ्याची किंमत भरली ती एकट्या बायकोने. हेडक्लार्क तो ईमेल कुठे लावायचा ते शोधत होते, त्या वेळी ती घरी उद्याचा शर्ट इस्त्री करत होती.